पांढरी चिंधी

सून : बाबा, तो नळी पुसायचा गज खाली ठेवा आधी.

सासरे : आलीस? इतक्या लवकर?

सून : उद्या नेमबाजीच्या टीमचं सिलेक्शन आहे म्हणून अर्धी सुट्टी टाकली. म्हटलं, घरी जाऊन जरा पाठ टेकावी. तर जिन्यातच वास आला. सॉल्व्हंटचा. रायफलचा बोल्टसुद्धा काढून ठेवलाय बाजूला! बाबा, काय ठरलं होतं आपलं?

सासरे : काय ठरलं होतं?

सून : आज सकाळच्या सरावानंतर उद्यापर्यंत रायफलला कुणी हात लावायचा नाही. काल रात्री जेवताना ठरलं. तुम्ही मान डोलावली होतीत.

सासरे : मान मी आमटीला डोलावली असेन. तू सकाळी खोकंभर गोळ्या झाडून आलीस, आणि रायफल तशीच ठेवलीस. अशी घाणेरडी रायफल घेऊन जाणार होतीस उद्या?

सून : हो! तशीच घेऊन जाणार होते! ते खोकं मी त्यासाठीच संपवलं. तेव्हा कुठे शेवटी शेवटी नळी ताळ्यावर यायला लागली होती. आणि तुम्ही पुन्हा सगळं पुसून मोकळे!

सासरे : नळी साफ केली की नेम सुधारतो. हे मी क्लबात शिकवायचो. तुझ्यासारख्या कितीजणांना शिकवलं.

सून : बाबा, ही पॉइंट टू टू आहे. पेन्सिलसुद्धा आत जायची नाही एवढी नळी. गोळी शिशाची, वर मेण. ते मेण आणि शिसं आतल्या आट्यांना पातळसं लागतं, आणि ते सगळीकडे सारखं लागलं की गोळी रेषेत जाते. नळी कोरीकरकरीत झाली, की पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या वाटेल तिथे जातात. हेही तुम्हीच शिकवलंत मला.

सासरे : पातळसं लागतं ते वेगळं. ही घाण आहे, घाण. दोन महिने बघतोय. पूर्वी दोन चिंध्या फिरवल्या की तिसरी पांढरी यायची. आता? गज मारून मारून खांदे भरून येतात, तरी चिंधी पांढरी यायचं नाव घेत नाही. कुठल्या भिकार गोळ्या आणतेस तू?

सून : गोळ्या त्याच आहेत. तीच कंपनी, तेच खोकं, तोच दुकानदार.

सासरे : मग दुकानदार फसवतोय.

सून : सगळं जग चुकतंय. फक्त तुमचा गज बरोबर.

सासरे : गजाला नावं ठेवू नकोस. मागून पुढे, कायम मागून पुढे. नळीच्या पुढच्या कडेला आजवर धक्का लागू दिलेला नाही. ती कड जरा खरचटली तर रायफल भंगारात. आहे का एक ओरखडा? बघ भिंग लावून.

सून : कडेबद्दल मी बोललेच नाही!

सासू : काय चाललंय दोघांचं? खालपर्यंत ऐकू येतंय. आणि अहो, माझ्या नव्या खोळी कुठे आहेत?

सासरे : कसल्या खोळी?

सासू : उशांच्या. दोन आणल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. ही एक सापडली, दुसरीचा पत्ता नाही. थांबा. हे काय आहे टेबलावर? अहो! ही माझी खोळ आहे! तुकडे तुकडे केलेत तिचे!

सासरे : जुनी बनियनं संपली. चांगलं सुती कापड लागतं.

सासू : चांगलं आहे म्हणूनच आणलं होतं! उशीला! तुमच्या त्या नळीत कोंबायला नव्हे! सूनबाई, तू तरी सांग गं यांना.

सून : मी कधीची तेच सांगतेय, आई. माझ्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आलीय.

सासरे : सूनबाईला काय सांगतेस? तुझ्या हातचं कापड हल्ली वापरण्यासारखं राहिलेलं नाही. धुतलेलंसुद्धा पिवळट असतं. म्हणून कोरं घेतलं. तर तेही तसलंच निघालं.

सासू : झालं का पुन्हा सुरू! सूनबाई, ऐक. वर्ष झालं, माझ्या धुण्याच्या मागे हात धुवून लागलेत. सदरा पिवळा, चादर पिवळी, टॉवेल पिवळा. तीन साबण बदलले मी. नीळ घातली. ब्लीचने हात सोलवटून घेतले. यांचं समाधान म्हणून नाही.

सासरे : समाधान व्हायला कपडा पांढरा दिसायला नको?

सून : एक मिनिट. बाबा, हे वर्तमानपत्रावर रांगेत मांडलंय ते आजचं?

सासरे : आजचंच. नेहमी तसंच मांडतो. पहिली चिंधी डावीकडे, शेवटची उजवीकडे. मळ कसा कमी होत जातो ते दिसलं पाहिजे. शिस्त असते कामाला. आणि बघ तूच. आहे का एक तरी साफ?

सून : ही पहिली काळी आहे. दुसरी करडी. तिसरीपासून पुढे... बाबा, तिसरीपासून पुढे सगळ्या पांढऱ्या आहेत.

सासरे : कुठे पांढऱ्या?

सून : या सगळ्या. ही, ही, ही. पार कडेपर्यंत.

सासरे : उगाच मला गप्प करायला बोलू नकोस. पिवळा मळ दिसतोय ढळढळीत.

सून : मी कशाला उगाच बोलू? आई, तुम्ही बघा.

सासू : मी काय बघू? माझी खोळ दिसतेय मला. पांढरी. दातांत सूत धरून फाडलेली.

सासरे : तुम्ही दोघी एकीकडे झालात की बोलणंच खुंटलं.

सून : (सासूजवळ जाऊन, हळूच) आई, ती दुसरी खोळ द्या जरा. आणि ती कात्री.

सासू : (तितक्याच हळू) हीसुद्धा कापणार? तूही त्यांच्यातलीच!

सून : द्या हो. एक कोपरा फक्त. ... बाबा, खिडकीत या. उजेडात. ही घ्या. ही चिंधी कशी आहे, सांगा.

सासरे : बघू. हं. बघ, म्हणत होतो ना? अजून मळ येतोय. आधीच्यांपेक्षा बरी आहे जरा, पण पिवळी आहे. आणखी दोनदा ब्रश फिरवावा लागेल.

सून : बाबा, ही नळीतून काढलेली नाही.

सासरे : म्हणजे?

सून : ही आत्ता कापली. या नव्या खोळीची. तुमच्या पाठीमागे. रायफलीच्या जवळसुद्धा नेली नाही मी.

सासरे : मग खोळच पिवळी आहे.

सासू : अहो, खोळ दुधासारखी पांढरी आहे.

सासरे : इथे उजेड नीट नाही.

सून : भर दुपार आहे. तुमच्या हातावर ऊन पडलंय.

सासरे : भिंतींमुळे तसं वाटत असेल. भिंती केवढ्या पिवळ्या पडल्यात. मी कधीपासून सांगतोय, रंग काढायला हवा.

सासू : अहो... गेल्या वर्षी रंग दिला आपण. पांढरा. तुम्हीच निवडलात.

सासरे : ही भिंत?

सासू : हो, हीच. अहो, मला भीती वाटते.

सासरे : दे बघू ती चिंधी पुन्हा.

सून : घ्या.

सासरे : पांढरी आहे ही?

सून : कोरी आहे, बाबा.

सासरे : आणि टेबलावरच्या?

सून : त्याही. तिसरीपासून पुढच्या सगळ्या. माझी शपथ.

सासू : मोतीबिंदू. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. ती म्हणायची, दूधवाला दुधात हळद घालतो. अहो, तुम्हाला मोतीबिंदू झालाय! आणि मी वर्षभर ब्लीचमध्ये हात घालतेय! मला राग आलाय आणि वाईटही वाटतंय, दोन्ही एकदम. आधी कुठलं काढू तेच कळेना.

सासरे : राग काढ. तो सोपा.

सासू : काढणारच आहे! किती वेळा म्हटलं, डोळे दाखवून या! पेपर हातभर लांब धरता, टीव्हीपाशी नाक लावून बसता. तर म्हणे, चष्म्याची काच जुनी झालीय. काच जुनी! मी आत्ता जाऊन फोन करते डोळ्यांच्या डॉक्टरला. परवाचीच वेळ घेते. आणि तुम्ही नाही म्हणालात ना, तर उचलून नेईन.

सासरे : बरं.

सासू : बरं? एका झटक्यात बरं? सूनबाई, बघ गं यांच्याकडे, काहीतरी जास्तच बिघडलंय.

सून : तुम्ही फोन करा आई. मी आहे इथे.

सासरे : म्हणजे दोन महिने मी...

सून : हो.

सासरे : रोज.

सून : रोज, बाबा. नळी साफ होती, आणि तुम्ही ती आणखी साफ करत होता. ब्रश, सॉल्व्हंट, पुन्हा ब्रश, वर तेल. मी रोज सकाळी कोऱ्या नळीने सुरुवात करायची. ती जरा मार्गी लागेपर्यंत सराव संपायचा. संध्याकाळी तुम्ही पुन्हा पाटी कोरी.

सासरे : मग बोलली का नाहीस?

सून : बोलले नाही? घसा बसला माझा बोलून! पण तुम्ही म्हणायचात की चिंध्या मळक्याच येतात. मी घरी यायच्या आत चिंध्या कचऱ्यात गेलेल्या असायच्या. तुमच्या शब्दावर विश्वास नाही ठेवायचा, तर कुणाच्या? मला वाटलं, असेल बाई आत काहीतरी. दोन महिने मी स्वतःलाच बोल लावतेय. श्वास चुकतोय, बोट चुकतंय, झोप कमी पडतेय. कोच काय म्हणाले माहितेय? म्हणाले, मुलगी झाल्यापासून तुझा हात गेला. आणि मी ते खरं मानलं, बाबा. बाथरूममध्ये नळ सोडून रडले मी.

सासरे : कोचला अक्कल नाही.

सून : कोचचं राहू द्या! उद्या टीम ठरणार आहे. जागा एकच आहे, आणि क्लबातली ती चष्मेवाली मुलगी गुणांत माझ्या पुढे आहे. पुढच्या वर्षी क्लब सगळ्या नव्या मुलींना घेणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलंय. उद्या नाही झालं तर माझं संपलं. आणि रायफल बघा. आरशासारखी चकचकीत!

सासरे : ओरडून घे. ओरड.

सून : मला ओरडायचं नाहीये! मला उद्या नीट गोळ्या मारायच्या आहेत!

सासरे : मग ऐक. रेंज सहापर्यंत उघडी असते. आत्ता निघालो तर वेळ आहे. मी तेल घातलंय आत. तेल तसंच राहिलं तर गोळ्या भरकटतील. कोरडी चिंधी घे आणि एकदा फिरव. मागून पुढे. पुढे बाहेर आली की चिंधी काढून घे, तशीच मागे ओढू नकोस. गोळी बसते ते चेंबरपण पूस, तिथे तेल साचतं.

सून : तुम्ही नाही करत?

सासरे : तू कर. कोरडी झाली की नाही, ते मला आता कळणार नाही. किती गोळ्या आहेत?

सून : दोन खोकी. उद्याचं धरून.

सासरे : एक आज उडवू. उद्याला एक पुरेल. बोल्ट घाल, पिशवीत भर. आणि मीही येतो.

सून : तुम्ही कशाला?

सासरे : हात लावणार नाही. नुसता बसेन. येऊ ना?

सून : चला. पण चप्पल बदला. एक तुमची आहे आणि एक आईंची.

(क्लबची रेंज. ऊन उतरलं आहे. शेजारच्या जागा रिकाम्या आहेत.)

सासरे : झाल्या पाच?

सून : झाल्या.

सासरे : कुठे लागल्या?

सून : आज तुम्ही विचारताय? नेहमी तर दुर्बिणीला डोळा लावून तुम्हीच सांगता.

सासरे : आज तू सांग.

सून : एक वर, दोन डावीकडे, एक खाली, पाचवी नवाच्या वर्तुळाबाहेर. मूठभर दाणे फेकल्यासारखं झालंय. बाबा, दुर्बीण समोर आहे. का बघत नाही?

सासरे : कारण बघितलं काय आणि न बघितलं काय, सारखंच आहे.

सून : म्हणजे?

सासरे : समोरचं नेमाचं कार्ड मला धुक्यात दिसतं. भोकं दिसत नाहीत. बरेच दिवस झाले.

सून : मग ते 'डावीकडे ओढतेयस', 'आता बरोबर', 'जरा वर'? ते काय होतं?

सासरे : अंदाज. तुझा खांदा बघून. आवाजावरून.

सून : अंदाज! अहो बाबा, तुमच्या त्या अंदाजावर मी नेम धरायची साइट फिरवत होते! कार्ड जवळ आणल्यावर गोळ्या भलतीकडेच असायच्या, तर मला वाटायचं, शेवटी शेवटी मीच घोळ घातला! देवा, कपाळ फोडून घेऊ का मी या भिंतीवर?

सासरे : आधी पुढच्या पाच मार. भिंत कुठे जात नाही.

सून : हसवू नका. मी चिडलेय.

सासरे : कळतंय. खांद्यावरून कळतंय.

सून : सांगितलं का नाहीत? सरळ. 'मला लांबचं दिसत नाही.' एवढंच वाक्य.

सासरे : सांगितलं असतं, तर दुर्बिणीपाशी कुणी बसू दिलं असतं मला? रायफल मी सोडली, गुडघे गेले तेव्हा. मग शिकवणं सुटलं. ही खुर्ची तेवढी उरली होती. तुझ्याबरोबर यायचं, तुझ्या मागे बसायचं, घरी गेल्यावर नळी पुसायची. सकाळी उठायला कारण होतं. लांबचं जातंय हे मला ठाऊक होतं. जवळचंही गेलंय, हे मात्र आज दुपारी कळलं. खरंच सांगतो. मला वाटायचं, निदान हाताचं काम तरी मी चोख करतोय.

सून : तुम्ही इतके हट्टी आहात ना, की माणसाला धड रागावतासुद्धा येत नाही.

सासरे : मार पुढच्या.

सून : मारते.

सासरे : श्वास अर्धा सोड. घाई नको. ... आता?

सून : तीन जवळजवळ. दोन उडाल्या.

सासरे : कुठल्या दोन? पहिल्या का शेवटच्या?

सून : पहिल्या. नंतरच्या तीन जवळ आहेत.

सासरे : मग ठीक चाललंय. बसतोय मेणाचा थर. साइटला हात लावू नकोस. नळी अजून हलतेय, तिच्या मागे साइट हलवलीस तर दोन्ही हलत राहतील. मार पुढे.

सून : बाबा, आणि थर बसलाच नाही तर? उद्या सकाळी नऊला माझं नाव पुकारतील.

सासरे : बसेल. तुझा हात गेलेला नाही.

सून : कशावरून? तुम्हाला तर दिसत नाही.

सासरे : तू ट्रिगर दाबल्यानंतर नळी हलत नाही. गोळी सुटल्यावरही तू तशीच धरून राहतेस. ती लांबची भोकं दिसत नसली तरी तुझी पाठ मला अजून दिसते. तू आता शांत आहेस, दुपारपेक्षाही. मार.

सून : (आणखी बऱ्याच गोळ्या झाल्यावर) याही पाच झाल्या.

सासरे : कुठे?

सून : चार एकत्र. एक किंचित बाहेर. खोक्यातल्या शेवटच्या पाच राहिल्या.

सासरे : कार्ड बदल. कोऱ्या कार्डावर मार. आणि मारताना दुर्बिणीत बघू नकोस, मलाही काही सांगू नकोस. नुसत्या मार.

सून : ... झाल्या.

सासरे : बोल्ट उघडा ठेव. रायफल टेकव. आता कार्ड ओढ जवळ.

सून : ओढते. ही दोरी कायम अडकते. आलं.

सासरे : बघितलंस?

सून : हो.

सासरे : वाईट आहे का? सांग स्पष्ट. माझ्यासाठी गोड बोलू नकोस.

सून : बोट द्या इकडे. हे. इथे, मधोमध.

सासरे : एकच भोक लागतंय हाताला. जरा फाटलेलं. बाकीच्या चार कुठे गेल्या?

सून : कुठे गेल्या नाहीत. पाचही त्यातच आहेत.

सासरे : खरं?

सून : आज तुम्हाला एकदा फसवलं, चिंधी देऊन. पुन्हा नाही.

सासरे : चल, भर पिशवी. घरी गेल्यावर हिला कपाटात ठेव आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. रात्री मी मागायला येईन. देऊ नकोस.